मोठा, कोनासाठे?

अक्कलकुव्याच्या उमेदमल शेठला संगीतातलं सगळं कळतं, असं फक्त एकाच माणसाचं मत होतं, आणि तो माणूस म्हणजे स्वतः उमेदमल. मीठ, घासलेट आणि लुगडी विकणाऱ्या माणसाला एवढी मतं परवडतात कशी, असा गावाला प्रश्न पडे. पण परवडत होती खरी.

त्याची कसोटी एकच होती. दुकानाच्या फळीवर तेलाचा एक रिकामा डबा असायचा, झाकण सैल. जे वाजल्यावर ते झाकण थरथरतं ते संगीत, बाकी सगळं ताकात पाणी. रेडिओवरची गोड गाणी लागली की तो म्हणे, "डास गुणगुणतोय, कोणीतरी मारा रे त्याला." बायको हुलासबाई सकाळी स्तवन म्हणायची, तेव्हा तो आदराने गप्प बसे, पण डोळा डब्याकडे. लग्नातल्या बँडला तो काठावर पास करी, तेही मोठ्या ताशामुळे.

सगळ्यात जास्त राग त्याला सरकारी माहितीपटांचा. हिवाळ्यात गावाबाहेर तंबूचा सिनेमा लागे आणि मुख्य खेळाआधी ते रीळ दाखवत. धरण दाखवतात तर पाण्याचा आवाज नाही, वर सतार. ढोल बडवणारा दाखवतात तर त्याच्या डोक्यावर बसून कोणीतरी साहेब बोलतोय. "लग्न एकाचं आणि मंगलाष्टकं दुसऱ्याची!" उमेदमल तंबूतच ओरडायचा. "दाखवा आणि गप्प बसा ना!"

या सगळ्या मतांच्या मुळाशी एक आवाज होता. तरुणपणी तो बापाबरोबर घोडीवर मिठाच्या गोण्या लादून सातपुड्यात जात असताना, एका पहाटे पलीकडच्या दरीतून ढोल ऐकू आला होता. संथ, जड. दोन ठोक्यांच्या मध्ये एवढी जागा की त्यात माणसाचा श्वास अडकावा. कानाआधी तो छातीत वाजला. घोडी जागच्या जागी थांबली. "चल, आपल्याला काय करायचंय," बाप म्हणाला आणि लगाम ओढून निघाला. त्यानंतर उमेदमलने तो आवाज पुन्हा ऐकला नाही. होळीला ऐकले ते सगळे ढोल नाचरे. दुकानात येणाऱ्या डोंगरातल्या गिऱ्हाइकांना तो विचारी, "तो जड वाजतो तो कोणता रे?" ती माणसं म्हणत, "तो मोठा," आणि पुढे मिठाचं बोलू लागत. उमेदमलला वाटलं, असेल एखाद्या मोठ्या ढोलाचं नाव. जे घरात आणायचं नसतं, त्याचं नाव माणसं घेत नाहीत. आपणही सापाला लांबडं म्हणतो. पण हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. सुगी संपल्यावर मुंबईहून एक साहेब जीपमध्ये कॅमेरा आणि आवाज पकडायचं यंत्र घेऊन आला. डोंगरातल्या लोकांवर रीळ काढायचं होतं. शिधा उमेदमलच्या दुकानातून गेला आणि शिध्याबरोबर दुभाष्या म्हणून उमेदमलही गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वरच्या पाड्यावर उखा नावाचा म्हातारा ढोलकरी होता. त्याचा ढोल घराच्या आढ्याला टांगलेला असे. त्याने होळीचे ठोके वाजवून दाखवले, पोरी नाचल्या, साहेब खूश झाला आणि सामान आवरायला लागला. उमेदमलला राहवेना. एवढं यंत्र दारात आलंय आणि हे पोरखेळ पकडून परत जाणार? तो पुढे झाला.

"उखा, हाऊ नको. तो मोठा वाजाड."

उखाने हात थांबवले. "मोठा? कोनासाठे?"

"मन्हासाठे!" उमेदमलने हसत छातीवर हात ठेवला.

"तुन्हासाठे?"

"आरे, मन्हासाठेच! दुसरा कोनासाठे?"

उखाने त्याच्याकडे नीट पाहिलं. वैद्य रोग्याकडे पाहतो तसं, वरून खाली. मग आत जाऊन तोंडावर पाणी मारून आला. बायकांनी पोरांना हाताला धरून घरात नेलं. कोंबड्यासुद्धा डालल्या. उमेदमलला वाटलं, वा, मोठ्या कलाकाराची बैठक अशीच असायची. साहेबाने कॅमेरा आणि यंत्र चालू केलं.

आणि तो आवाज आला. तोच. एक ठोका, मग ती भयंकर मोकळी जागा, मग दुसरा ठोका. साहेबाच्या कपातला चहा कडेने लहरू लागला. उमेदमलने डोळे मिटले. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते बरगड्यांत येऊन बसलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तेवढा वेळ तो सुखी होता, हे सांगितलंच पाहिजे.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या उतारावरून माणसं खाली येत होती. दुसऱ्या उतारावरूनही. प्रत्येकाच्या खांद्यावर एक लाकूड. येऊन ते लाकूड अंगणात ठेवायचे आणि उखाकडे बघायचे. उखा टिपरीने उमेदमलकडे दाखवायचा. मग ते उमेदमलकडे बघायचे, बराच वेळ.

त्यांत उदेसिंग नावाचं त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक होतं. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बजारना दिवस त तू चांगला व्हता, शेठ."

उमेदमल उखाकडे वळला. "उखा, हाई काय शे?"

उखाने ढोल खाली ठेवला. "मानूस मरना का मोठा वाजाडतस. आयकीसन लोक लाकूड लई येतस. तुले ठाऊक नव्हतं?"

"आरे, मी त जित्ता शे!"

"दिखी ऱ्हायना माले."

"मंग आते काय व्हई?"

उखाने खूप विचार केला. तो खोटं बोलणारा असता तर बरं झालं असतं. "माले काय ठाऊक? मरानाआगे मोठा आजपावत कोनी मांगेल नही."

उमेदमलची पाचावर धारण बसली. शाप असता तर उतारा असतो, नियम मोडला असता तर दंड असतो. इथे नियमच नव्हता. त्याच्या आधी एवढा शहाणा कोणी झालाच नव्हता. निदान ती लाकडं तरी परत न्या, म्हणून त्याने हात जोडले, तर सगळे दोन पावलं मागे सरले. "ज्यान्हं नाव, त्यान्हं लाकूड," उखा म्हणाला. "लई जावानं नही."

पुढच्या बाजाराला उदेसिंगने ती सगळी लाकडं गाडीत घालून आणली आणि दुकानामागच्या अंगणात नीट रचून दिली. सागाची, अंजनाची, वाळलेली. छान पेटली असती.

हुलासबाईला आधी आनंद झाला. फुकटचं सरपण! तिने बंबात घालायला एक ढलपी उचलली, तशी उमेदमलने झडप घालून ती हिसकावली. का ते सांगितल्यावर ती मटकन खाली बसली आणि त्या दिवसापासून स्तवन मोठ्याने म्हणू लागली.

मग माणूस जसा भितो तसा उमेदमल भिऊ लागला. ठसका लागला तरी हात नाडीवर. रात्री कूस बदलली की खिडकीतून लाकडं दिसत, म्हणून त्याने खाट फिरवली. मग लाकडं पाठीमागे आली, ते आणखी वाईट. पण सगळ्यात वाईट डोंगरातली गिऱ्हाइकं. त्यांनी घासाघीस सोडली. आजाऱ्याशी बोलावं तसं ती त्याच्याशी मऊ बोलू लागली. एकदा दुकानाच्या पायरीवर बसून दोघं बोलताना त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं, "उमेदमल शेठ मानूस चांगला व्हता." तो आत गल्ल्यावर बसलेला होता. त्याने ओरडून "शे! शे!" म्हटलं, म्हणजे आहे, आहे. दोघांनी मान हलवली, समजूत घालावी तशी.

रस्त्याने ट्रक गेला की फळीवरचा डबा थरथरे. पूर्वी त्याला गंमत वाटायची. आता तो धावत जाऊन झाकण दाबून धरी. शेवटी त्याने झाकणाखाली चिंधी कोंबली. गल्लीत वरातीचा ताशा वाजला तर दारं लावून घेऊ लागला. एवढा जडाचा भक्त, पण त्याला डास चालू लागला.

आणि ते रीळ! साहेब जाताना सांगून गेला होता, हे देशभर दाखवणार. म्हणजे नागपुरात दिवे मालवणार आणि मोठा वाजणार, त्याच्या नावाने. मद्रासला वाजणार. ज्या लोकांनी त्याला कधी पाहिलं नाही, ते त्याच्या मरणाचा ढोल ऐकत शेंगदाणे खाणार. कुठे ना कुठे रोज वाजतच असेल, या विचाराने जेवताना त्याचा घास तोंडातच फिरे. एकदा वाजवल्यावर काय होतं तेच कोणाला ठाऊक नव्हतं, तिथे शंभरदा वाजल्यावर काय होईल हे कोणाला विचारायचं?

पुढच्या हिवाळ्यात तंबू लागला. गाडीवर भोंगा बांधून माणूस ओरडत फिरला, "आपल्या डोंगराचं रीळ! आपलीच माणसं पडद्यावर!" पाड्यापाड्यातून लोक उतरले. उमेदमल जाणार नव्हता. पण तंबू दुकानापासून हाकेच्या अंतरावर. घरात बसून कापडापलीकडून तो आवाज ऐकण्यापेक्षा समोर बसून ऐकलेला बरा, म्हणून तो गेला. सतरंजीवर उखा होता, शेजारी उदेसिंग. दोघांनी सरकून त्याला मध्ये जागा दिली.

दिवे गेले. पडद्यावर डोंगर आला, पाडा आला, उखाचा चेहरा आला. टिपरी वर गेली. उमेदमलने दोन्ही हातांनी छाती धरली. टिपरी खाली आली.

बासरी वाजली.

टिपरी पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली, आणि बासरीच, गोड, लाडिक, मागे सतार. वर साहेबी आवाज, "सुगीच्या आनंदात हे भोळेभाबडे बांधव बेभान झाले आहेत." मग उमेदमल स्वतः दिसला, गालांवरून पाणी वाहतंय. "गावचे व्यापारीही या आनंदात सामील होतात." मग उतारावरून ती माणसं, खांद्यावर लाकडं. "आणि हे पाहा, श्रमदानासाठी निघालेले उत्साही ग्रामस्थ!"

तंबूत कोणी हसलं नाही. उखा अंधारात स्वतःच्या हाताकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उखा, उदेसिंग आणि आणखी चार जण रिकामी दिसणारी बैलगाडी घेऊन दुकानापुढे उभे राहिले. वर जाऊन त्यांनी सगळ्यांशी बोलून घेतलं होतं. रात्री सगळ्यांनी पाहिलं, टिपरी पडते पण मोठा वाजत नाही. सरकारनेच दाखवलं. मग कदाचित तो वाजलाच नसेल. न वाजलेल्या मोठ्याची लाकडं परत नेता येतील. फक्त ज्याचं नाव त्याने तोंडाने सांगायला हवं.

"सांग शेठ," उदेसिंग म्हणाला. "मोठा वाजना, का नही वाजना?"

'वाजना' म्हणजे वाजला. एक 'नही' लावलं की सुटका. दाराआडून हुलासबाईचा घुसमटलेला आवाज आला, मारवाडीत, "ना कह दो! थे ना कह दो!"

उमेदमल काही सत्यवादी नव्हता. लुगड्याचा रंग जाणार नाही, हे तो रोज देवाची शपथ घेऊन सांगायचा. त्याने तोंड उघडलं. त्याला जगायचं होतं, फार जगायचं होतं. समोर उखा उभा होता, हात लोंबकळत सोडून. ते हात रात्रभरात म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी जे वाजवलं होतं, ते आता जगात एका माणसाच्या छातीत तेवढं उरलं होतं, बाकी सगळीकडे बासरी. आणि तो माणूस नाही म्हणायला बसला होता.

"वाजना," उमेदमल म्हणाला.

आत हुलासबाईने कपाळ बडवलं.

"वाजना!" तो रडकुंडीला येऊन ओरडला. "तुमना सरकारले काय समजस? असा वाजना का मी मरसू तवपावत आयकू येई!"

मग उखा गाडीकडे गेला. गाडी रिकामी नव्हती. गवताखालून त्याने एक जाड, सरळ लाकूड काढलं आणि खांद्यावर घेतलं.

"त्या दिन मी वाजाडी ऱ्हायंतू," तो म्हणाला. "मन्हं लाकूड राही गयतं."

तो दुकानामागे गेला आणि ते लाकूड त्याने राशीवर ठेवलं. उमेदमल मागोमाग आला होता, भिंतीला धरून. त्याची छाती धडधडत होती, एक ठोका, मग जागा, मग दुसरा.

"उखा," तो कसाबसा म्हणाला. "मी मरसू तवय कोनी बासरी वाजाडानी नही."