घळीच्या काठानं

सुलाबाईनं वाकून बाभळीच्या काट्याला अडकलेली लोकर सोडवली आणि बोटांत चोळून पाहिली. बोटं लाल झाली. तिचं कोकरू इकडूनच नेलं होतं.

"लांडगाच," मागून भाऊसो म्हणाला. शेजारच्या डाळिंबाच्या बागेतून तो कधी आला, तिला कळलंच नव्हतं. "माझी शेळी बी त्यानंच नेली. घळीत कुठंतरी बीळ हाय, वैनी. तुमी जागा तेवढी दावा. बाकीचं मी बघतो."

त्याच्या हातातल्या पिशवीला फवारणीच्या औषधाचा उग्र वास येत होता. मागल्या साली असंच औषध घातलेलं मटण माळावर पडलं होतं. लांडग्यांचं काय झालं कुणाला ठाऊक, पण सुलाबाईचा कुत्रा दारात तडफडून गेला. मटण कुणी टाकलं ते भाऊसो बोलला नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

"बघते," म्हणून ती निघाली. थोडं गेल्यावर तिनं वळून पाहिलं. तो बांधावर तसाच उभा होता.

घळीत बोराटीच्या जाळीखाली माती उकरलेली दिसली. तिनं काठी आवळून धरली. बिळाच्या तोंडाशी दोन पिल्लं कोकराच्या पायासाठी ओढाताण करत होती. पलीकडच्या दरडीवर लांडगी होती. ती गुरगुरली नाही की पळाली नाही. नुसती काठीकडे बघत राहिली. पोट खपाटीला गेलेलं, आचळं ओढून लोंबलेली.

सुलाबाईच्या ओठावर आलेली शिवी तिथंच राहिली. काठी खाली करून ती पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागं घेत वर आली.

भाऊसो वाटेतच भेटला.

"घावलं?"

"न्हाई. मोकळीच हाय घळ."

त्यानं तिच्या लुगड्याला चिकटलेली कुसळं पाहिली, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कोकरू तुमचं गेलंय, वैनी."

"व्हय. माझंच गेलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेंढरं सोडली, तेव्हा भाऊसो आधीच बांधावर येऊन बसला होता. कळप कुठं वळतो, तेच बघत.

घळ टाळली असती, तर त्याला कळलं असतं. सुलाबाईनं मेंढरं रोजच्यासारखीच घळीच्या काठानं घातली. कोकरं मधे घेतली, सगळ्यांत धाकटं खांद्यावर टाकलं. खाली बघायचं नाही, म्हणून ती नाकासमोर बघत चालत राहिली.