ज्यानं उचललं त्यानं उतरवायचं

आमच्या व्यायामशाळेतला एकच नियम भिंतीवर लिहिलेला नाही, आणि तेवढाच सगळे पाळतात. ज्यानं वजन उचललं, त्यानंच ते उतरवायचं. बारच्या प्लेटा काढायच्या, एकेक करून स्टँडवर लावायच्या, मगच पाण्याच्या बाटलीला हात. कुणी नवखा प्लेटा तशाच टाकून निघाला की सर त्याला दारातून परत बोलावतात. हा नियम सरांनी आजवर एकदाच मोडला, तोही माझ्यासाठी. मला वाटलं, मान दिला. अक्कल गहाण पडली होती माझी, दुसरं काय.

मी पार्सलच्या काउंटरवर असते. खोकं वजनकाट्यावर ठेवायच्या आधी हातात घेते आणि वजन सांगते. चुकलंच तर पाव किलोनं. म्हणून तिथं मला सगळे ‘काटा’ म्हणतात. मॅनेजरसुद्धा. मशीन बंद पडली तर म्हणतो, "काटा आहे ना आपल्याकडे." असे माझे हात. त्यांनी मला कधी खोटं सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही.

दीड वर्षापूर्वी पंच्याहत्तर किलो एका दमात डोक्यावर नेताना माझा उजवा खांदा निखळला. बार वर गेला होता, हात सरळ झाले होते, आणि खांदा मागे सरकला. त्याचा आवाज दारापर्यंत ऐकू गेला म्हणतात. मला दोघांनी स्ट्रेचरवर घालून बाहेर नेलं. मग ऑपरेशन, मग पट्टा. चार महिने वहिनी माझे केस विंचरायची, शर्टाची बटणं लावायची. दादा आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून फिजिओथेरपिस्टकडे न्यायचा आणि मी आत रबराची पट्टी ताणत रडायची तोवर बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. एकदाही कंटाळा केला नाही त्यानं. हे सगळं त्यांनी केलं, मी नाही म्हणणार नाही. म्हणून तर जास्त लागलं.

पट्टा निघाला त्या दिवशी दादा म्हणाला, "आता बास. एकतिसावं चालू आहे तुला. पुन्हा हात गेला तर काउंटरवर कोण ठेवून घेणार?"

"दादा, मला उचलून बाहेर नेलंय तिथून. अशी नाही सोडणार मी. तेच पंच्याहत्तर एकदा वर नेते, आणि माझ्या पायांनी बाहेर पडते. परत त्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

सरही दवाखान्यात आले होते, समोरच उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली.

सुरुवात झाडूच्या दांड्यापासून. दोन महिने झाडूचा दांडा डोक्यावर! माझ्याहून निम्म्या ताकदीच्या बायका शेजारी वजनं उचलायच्या आणि मी दांडा. मग नुसता बार, पंधरा किलोचा. मग तीस, चाळीस, पन्नास. पासष्टवर गाडी अडली ती अडलीच. तीन महिने तेच. पासष्ट कसंबसं जायचं, सत्तर छातीच्या वर सरकायचं नाही. रोज सकाळी सहाला जायचं आणि तोंड पाडून कामावर यायचं. घरी मी कुणाशी धड बोलत नव्हते. वहिनीनं चहा पुढे केला तरी माझ्या कपाळाला आठ्या.

मग तो गुरुवार. दादा मुद्दाम बघायला आला होता. सर म्हणाले, "आज अंगात आहे तुझ्या. सत्तर सोड, सरळ पंच्याहत्तर लावतो." त्यांनी स्वतः प्लेटा लावल्या, दोन्हीकडे पंधराच्या दोन-दोन. आमच्या प्लेटा जुन्या, रबरी, सगळ्या काळ्या आणि एकाच मापाच्या. वजन कळतं ते सरांनी पांढऱ्या रंगानं घातलेल्या आकड्यावरून. त्या दिवशी बाहेरच्या दोन प्लेटांचे आकडे ताजे दिसत होते. रंगाचा वास येत होता. "पुसट झाले होते, गिरवले," सर म्हणाले. "बाकीचे पुढच्या आठवड्यात."

मी उचललं. गेलं! हात सरळ, खांदा जागेवर, दोन सेकंद तसंच धरलं आणि बार खाली सोडला. माझ्या हातांनी मला तेव्हाच सांगितलं की हे रोजचं पासष्ट आहे. अगदी तेवढंच. मी त्यांना गप्प बसवलं. मनात म्हटलं, बघ, इतकी ताकद वाढली की पंच्याहत्तर पासष्टसारखं लागतंय.

सवयीनं प्लेटा काढायला वाकले तर सर धावत आले. "राहू दे, राहू दे. आज तू हात लावायचा नाहीस. आज तुझा दिवस." मी बाकावर बसून ओक्साबोक्शी रडले. सरांनी फळ्यावर माझ्या नावापुढे ७५ लिहिलं. दादानं फोटो काढला, मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला, आणि येईल त्याला दाखवायचा. मी शब्दाला जागले. बूट कपाटावर टाकले आणि दोन महिने त्या रस्त्यानंही गेले नाही. मला शांत झोप लागायची. वहिनीला म्हणालेसुद्धा, "सुटले गं एकदाची."

लॉकरची चावी तेवढी द्यायची राहिली होती. परवा संध्याकाळी कामावरून परतताना द्यायला गेले. व्यायामशाळा रिकामी होती, सर आत हिशेबाची वही घेऊन बसलेले. वाटेत जमिनीवर एक प्लेट पडली होती. ताजा पांढरा आकडा, पंधरा. पायात येईल म्हणून उचलली.

दहा.

मी पुन्हा तोलली. दहाच. कोपऱ्यात आमच्या शरीराचं वजन करायचा काटा असतो, त्यावर नेऊन ठेवली. काट्यानंही दहाच सांगितलं. नखानं रंग खरवडला. पाचाच्या पोटाखालून शून्य निघालं.

सर दारात येऊन उभे होते.

"दुसरी कुठेय?" मी विचारलं.

"स्टँडवर आहे." मग ते बाकावर येऊन बसले. "दादा आला होता माझ्याकडे. म्हणाला, ही अशीच झुरत राहील. आणि खरं सांगू? तुझ्याच्यानं सत्तरसुद्धा होणार नव्हतं. तू किती खूश झालीस त्या दिवशी, आठव ना."

"आठवतंय," मी म्हटलं. "तेच आठवतंय."

खूश मी खरोखर झाले होते. तेवढं काही खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. मी तोंडावर आपटले असते तर चाललं असतं. यांनी मला टाळ्या वाजवून बाहेर काढलं. आधी स्ट्रेचरवर नेलं होतं, या वेळी चालत. फरक तेवढाच.

दुसरी प्लेट शोधली, तिचाही रंग खरवडला. दोन्ही दहाच्या जागी लावल्या. सर मदतीला वाकले, तेव्हा म्हटलं, "हात लावू नका. मी उचललंय, मी उतरवते." मग फळ्यावरचं ७५ तळहातानं पुसलं आणि ६५ लिहिलं. चावी परत खिशात टाकली.

घरी दादा जेवत होता. माझ्या नखांत पांढरा रंग बघितला आणि त्याचा घास हातातच राहिला. वहिनी स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं," दादा म्हणाला. "तो फोटो काढून टाकू का?"

"कशाला? चांगला आलाय. पासष्टचा आहे, विचारलं कुणी तर तसं सांग."

"आणि आता?"

"आता काय? शब्द दिलाय ना तुला. पंच्याहत्तर उचलल्यावर सोडीन म्हणून." मी कपाटावरचे बूट काढले. "अजून उचललेलं नाही."

सकाळी साडेपाचला उठले. खांदा ठणकत होता. दादा माझ्या आधीच तयार होऊन स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभा होता.

"बसनं जाते," मी म्हटलं, आणि त्याच्या बाजूनं बाहेर पडले.