कापून सांधलेली अंगठी

मी एक जुनी सोन्याची अंगठी आहे. मित्रांनो, सोनं महाग म्हणून त्याचे दागिने करतात, असं तुम्हाला वाटत असेल. ते अर्धंच खरं आहे.

पूर्वी मी माझ्या मालकिणीच्या आईच्या कानातली फुलं होते. आई गेल्यावर मालकीण ती मोडून अंगठी करून घ्यायला सोनाराकडे आली. त्यानं मुशीत सोन्याबरोबर थोडं तांबं टाकलं, तशा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आईच्या सोन्यात भेसळ करताय होय?"

सोनारानं निखळ सोन्याची तार दोन बोटांनी वाकवून दाखवली. नुसतं सोनं फार मऊ, कामाच्या हातात त्याचा आकार टिकत नाही, असं त्यानं समजावलं.

तिचे हात कामाचेच होते. तिची लाँड्री होती. दिवसभर साबण, सोडा आणि वाफ. तिथली कात्री गंजली, पितळी बटणं हिरवी पडली. तिच्या गळ्यातली चांदीची साखळीसुद्धा अधूनमधून काळवंडायची आणि घासली की पुन्हा उजळायची. मी मात्र पिवळी ती पिवळीच. माझ्यामुळे तिच्या बोटाला कधी खाजही सुटली नाही. गिऱ्हाइकांनी माझं कौतुक केलं, की ती म्हणायची, "नवराही असाच राहिला असता तर!"

एकदा चादरी पिळायच्या रुळांत तिचा हात सापडला. बोट सुजून निळं पडलं आणि मी त्यात रुतून बसले. साबण लावला, दोरा गुंडाळला, तरी मी हलेना. डॉक्टर म्हणाले, अंगठी कापा, नाहीतर बोट जाईल. मालकीण हात छातीशी धरून बसली. आईचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. मुलगा वैतागला, सून रडकुंडीला आली. शेवटी मुलगा त्या म्हाताऱ्या सोनारालाच दवाखान्यात घेऊन आला.

"ताई, सोनं कापलं तरी सोनंच राहतं," तो म्हणाला. "खाली रुमाल धरतो. कणसुद्धा वाया जाणार नाही."

"आणि आई?"

"कानातलं बोटात आलं, तेव्हा कुठं गेली होती?"

तिनं हात पुढे केला.

बारीक करवत माझ्यातून चटकन गेली. मी पोलादाची असते, तर एवढ्या लवकर सुटले नसते. बोट वाचलं. पुढे रुमालावरच्या कणांसकट सोनारानं मला पुन्हा सांधलं.

मित्रांनो, दागिने वापरा. कोमट पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवा. यंत्रापाशी जाताना काढून ठेवा. आणि बोट सुजायला लागलं, तर आमच्यासाठी हट्ट धरू नका. आम्हाला पुन्हा घडवता येतं.