तुरुंगातल्या शिलाई मशीनची कैफियत

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. मित्रांनो, घरात खिडकीजवळ, फुलाफुलांचं झाकण घालून ठेवलेली मशीन तुम्ही पाहिली असेल. तसलं भाग्य माझं नाही. मी तुरुंगात असते. गुन्हा काही केलेला नाही, तरी जन्मठेपच म्हणा ना!

कारखान्यात तयार झाले तेव्हा माझा काळा रंग असा चकचकीत होता, की रंगारी माझ्यात बघून भांग पाडायचा. वाटलं होतं, एखाद्या हौशी बाईच्या घरी जाईन, बाळांची झबली शिवीन. कसलं काय! टेम्पोतून उतरवलं ते थेट या शेडमध्ये. उंच भिंती, वर जाळीच्या खिडक्या आणि रांगेत माझ्यासारख्याच बहिणी. आयुष्यभर शिवलं काय, तर कैद्यांचे सदरे, इस्पितळाच्या चादरी आणि उशांचे अभ्रे. पण काम चोख हं! आमचे शिलाई मास्तर गळ्यात टेप अडकवून फिरतात. नवा माणूस आला, की त्याला माझ्यासमोर बसवून म्हणतात, "ही म्हातारी सांभाळून घेईल तुला." म्हातारी म्हटलेलं मला आवडत नाही, पण असो.

असंच एके दिवशी त्यांनी ड्रायव्हरला आणलं. इथे माणसाला धंद्यावरूनच हाक मारतात. हा मालाचा ट्रक चालवायचा. ट्रकमध्ये चोरीचा माल सापडला, मालकाने हात वर केले आणि ड्रायव्हर आत आला. "माल भरून दिला, मी नेला. तो चोरीचा आहे हे मला कोण सांगणार?" एवढंच तो म्हणायचा. माझ्या पायडलवर त्याने पहिल्यांदा पाय ठेवला तो करकचून ब्रेक दाबल्यासारखा! सुया मोडल्या, दोरा गुंतवला, एका सदऱ्याची बाही तर चक्क गळ्याला शिवून ठेवली. मग हळूहळू हात बसला.

त्याला अपील करायचं होतं. म्हणजे वरच्या न्यायालयाला सांगायचं, की बाबांनो, माझा निकाल पुन्हा एकदा तपासा. त्याला मुदत असते आणि फीसुद्धा असते. ही फी कैद्याच्या तुरुंगातल्या खात्यातून जाते. खात्यात त्याची मजुरी पडते, आणि घरच्यांनी काही पाठवलं तर तेही. जो अगदीच कंगाल असेल त्याला फी माफ होते, पण तसा तुरुंगाचा दाखला लागतो.

"माफीबिफी नको," ड्रायव्हर म्हणाला. "हातपाय धड आहेत, कमावतो आणि भरतो. भीक कशाला?"

मास्तर खूश झाले. "शाब्बास! जादा काम देतो तुला. बस तू."

आणि आम्ही दोघं लागलो कामाला! जेवणानंतर बाकीचे अंग टाकायचे, आमची धडधड चालूच. निम्मी मजुरी तुरुंग स्वतःच्या खर्चापोटी कापून घ्यायचा. ड्रायव्हर साबणसुद्धा तुकडा तुकडा करून पुरवायचा. त्याची ताई लॉन्ड्रीत इस्त्री करते. ती भेटीला आली, की पोटाला चिमटा काढून त्याच्या खात्यात काहीतरी टाकून जायची. मला काय अभिमान वाटायचा, मित्रांनो! हा माणूस सुटणार आणि माझ्या टिपेवर सुटणार, असं मी सगळ्या बहिणींना ऐकवत असे.

शेजारच्या मशीनवर नवाब होता. त्याचा धंदाच आराम, म्हणून हे नाव. कामाच्या नावाने शंख. कापडाच्या गठ्ठ्यांमागे खुशाल ताणून द्यायचा. घरून त्याला कुणी फुटकी कवडी पाठवत नव्हतं. अपील त्यालाही करायचं होतं. "लेका ड्रायव्हर, कशाला रक्त आटवतोस?" तो जांभई देत म्हणायचा. आम्ही त्याला हसायचो.

मुदत तोंडावर आली तरी फी पुरी होईना. मजुरी मांडायला कारकून दर आठवड्याला शेडमध्ये येतो. ड्रायव्हरने त्याला गाठलं. "साहेब, आहेत तेवढे आत्ता घेतील का? बाकीचे मजुरीतून कापत राहा."

"तसं नाही चालत. एक तर पुरी फी, नाहीतर माफी. माफीचा अर्ज टाक, दाखला मी देतो."

त्याने मन मारून अर्ज टाकला. नवाबनेही टाकला. न्यायालयाची उत्तरं कारकुनानेच आणून वाचून दाखवली. नवाबची फी माफ झाली होती. ड्रायव्हरचा अर्ज नामंजूर.

"असं कसं?" मास्तर म्हणाले.

कारकून मान खाली घालून म्हणाला, "गेल्या काही महिन्यांत खात्यात काय आलं, ते दाखल्यात लिहावं लागतं. याची मजुरी आली, जादा कामाची आली, बहिणीचे पैसे आले. एवढं येणाऱ्याला ते गरीब धरत नाहीत."

"अहो, निम्मी तर तुम्हीच कापता!"

"कापायच्या आधीची धरतात, मास्तर. नियम आहे."

"मग थोडे दिवस द्या. भरेल तो."

"उत्तर यायच्या आतच मुदत संपली. माफी मिळाली, तरच अर्जाची तारीख धरतात."

सगळ्या मशीन थांबल्या. मास्तर गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळत राहिले. "मीच याला कामाला लावलं," ते पुटपुटले. "मीच रे."

ड्रायव्हरने माझ्या चाकावर हात ठेवला. "ताईला काय सांगू?" तो म्हणाला. "तिला वाटेल, अजून थोडे टाकले असते तर भागलं असतं. तुझ्या पैशांनीच मी अडकलो, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

मला रडता येत नाही. येत असतं तर सगळी शेड भिजवली असती. ज्या टिपेचा मी एवढा तोरा मिरवला, तिनेच त्याचा दरवाजा शिवून टाकला. मी कोपऱ्यात गंजून पडले असते, तर त्याचं म्हणणं आज कुणीतरी ऐकलं असतं. मेहनत वाया गेली असती तरी मी समजून घेतलं असतं. ती उलटली, हे मला अजून सहन होत नाही.

नवाबचं अपील ऐकलं गेलं आणि तो सुटला. जाताना आमच्याकडे बघायचं त्याने टाळलं. लाज वाटली असावी बिचाऱ्याला. ड्रायव्हर रोज येतो. दुसरं करणार काय? परवा मजुरी मांडताना कारकून बोलून गेला, "अरे, तुझी फीची रक्कम पुरी झाली की!" आणि लगेच त्याने जीभ चावली. ड्रायव्हर नुसतं "बरं" म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला. त्याला दोरा दिसत नव्हता. मास्तरांनी ओवून दिला.

मित्रांनो, आता तुम्ही वाट बघत असाल, की ही म्हातारी म्हणेल, मला तेल घाला, मला जपा. मला जपतात हो. मध्यंतरी माझी टीप सुटायला लागली, तर दुसऱ्याच दिवशी मेकॅनिक हजर. त्याने मला उघडलं, कुठे चुकतंय ते शोधलं, नीट केलं. तुझ्या खात्यात किती आहेत, असं त्याने मला विचारलं नाही. मी तर लोखंडाची. मला नाही बघितलं तरी चालेल. माझ्यासमोर हा जिवंत माणूस बसला आहे. त्याचा निकाल कुणीतरी एकदा उघडून बघा हो.