गालिचा ओला असताना

मित्रांनो, मी गंगापूर रोडवरच्या एका इमारतीतला जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. आता माळ्यावर धूळ खात पडलो आहे. धूळ खाणं हाच माझा जन्माचा धंदा, त्यामुळे तक्रार नाही. चौऱ्याऐंशी साली मी आलो तेव्हा अख्खी इमारत मला बघायला लोटली होती. खालच्या मजल्यावरच्या लताबाई म्हणाल्या होत्या, "आता केरसुणीला सुट्टीच."

मला दोनच गोष्टी येतात, धूळ ओढणं आणि ओरडणं. माझ्या मालकीण विमलाबाईंना माझं ओढणं हवं होतं, त्यांच्या नवऱ्याला माझं ओरडणं. साहेब घरी येत, दार लोटत, माझं बटण दाबत आणि मग पट्टा काढत. बाई कळवळत, मी घोंघावत राही. मला आपणहून गप्प होता येत नाही. खाली लताबाई कौतुकानं सांगत, "वरच्यांकडे रोज मशीन फिरतं बरं." ते ऐकून माझा जीव गुदमरे.

एकदा साहेबांनी ढकललं आणि बाईंचं डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं. गालिच्यावर रक्त सांडलं. चहा सांडला असं सांगून साहेबांनी गालिचा हबीब धुलाईवाल्याकडे धुवायला दिला.

हबीबनं तो धुऊन आणला, अंथरला. "भाभी, आतून वल हाय अजून," तो म्हणाला. "दोन दिवस मशीन लावू नका, शॉक बसंल. सुकल्यावर फिरवा, मग सुटलेली लोकर निघून जाईल."

तो खाली जाऊन हातगाडीची दोरी गुंडाळत होता, तेवढ्यात साहेब वर आले.

"डागाबद्दल काय बोललीस त्याच्याशी?"

"काही नाही हो."

साहेबांनी माझं बटण दाबलं. त्या दिवशी पट्टा काढण्याइतकाही धीर नव्हता. त्यांनी माझी सोंडच उपटली आणि तिनंच मारायला लागले. पहिल्याच तडाख्यात तिला भेग गेली. बाई ओल्या गालिच्यावर कोसळल्या, तरी तडाखे थांबेनात.

खाली हबीबनं माझा आवाज ऐकला. तो चरफडत जिना चढला. "अहो, सांगून गेलो ना मी," म्हणत त्यानं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकला. गालिचा वाचवायला आला होता तो, उगाच मोठेपणा देत नाही. पण त्यानं भिंतीतली माझी पिन उपटली.

मी गप्प झालो. बाईंचं ओरडणं पहिल्यांदाच साऱ्या इमारतीनं ऐकलं.

लताबाई कणकेच्या हातांनी धावत वर आल्या, मागून आणखी चारजणी.

"हा आमच्या घरातला प्रश्न आहे," साहेब म्हणाले. सोंड अजून हातातच होती.

"आता इमारतीतला झाला," लताबाई म्हणाल्या. "चल गं विमल."

विमलाबाई अनवाणीच उतरल्या. पुन्हा कधी तो जिना चढल्या नाहीत.

मित्रांनो, यंत्रं जपा. पिशवी झटका, वायर नीट गुंडाळा. पण शेजारी एखादं यंत्र रोजच गरजेपेक्षा जास्त ओरडत असेल, तर खाली बसून कौतुक करू नका. वर जा, दार वाजवा. निमित्त हवंच असेल तर सांगा, गालिचा ओला आहे.