तिसरी रिंग

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझं नावही ऐकलं नसेल, त्याचा मला राग नाही. तुमच्या जन्माआधी एका कॉम्प्युटरला दूरच्या कॉम्प्युटरशी बोलायचं झालं, तर साध्या टेलिफोनच्या तारेतून बोलावं लागे आणि मध्ये माझ्यासारखा दुभाषा लागे. बोलणं सुरू होण्याआधी मी किंचाळायचो, घरघरायचो. लोक कानात बोटं घालत. मला मात्र ते गाणंच वाटे.

माझी उमेदीची वर्षं शाहूपुरीतल्या एका कचेरीत गेली. माझे लाल दिवे लुकलुकले की साहेब स्वतः "लागलं, लागलं!" म्हणून ओरडत. मग वेगवान इंटरनेट आलं आणि मी चमनभाईंच्या भंगाराच्या दुकानात एका मोडक्या पंख्याखाली जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो.

तिथून मला संयोगिताताईंनी उचललं. त्या शिवाजी पेठेत राहतात, शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचे थोरले भाऊ जोतीरामदादा गगनबावड्याला एकटे राहत. घराच्या पत्र्यावर त्यांनी पाऊस मोजायचं यंत्र बसवलं होतं. तिकडे किती कोसळला ते कळलं की इकडे नदी किती चढेल याचा अंदाज येतो, म्हणून ताई रोज सकाळी नदीकाठच्या ओळखीच्यांना आकडा सांगत. पण तिकडे पावसानं जरा जोर धरला की मोबाईलचा टॉवर मान टाकतो. टेलिफोनची तार तेवढी तग धरते. म्हणून मी.

ताईंच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती. त्याच्या पोटात एक मोडेमचं कार्ड आधीपासून बसलेलं होतं, पण नाव मोठं, लक्षण खोटं. त्याची निम्मी अक्कल विंडोजकडे गहाण, लिनक्सवर ते ठार मुकं. मी स्वतःच्या डोक्यानं चालणारा. तरी पहिल्या दिवशी कॉम्प्युटरनं आम्हाला दारातच अडवलं. परवानगी नाही, असं पडद्यावर आलं. डायल करायची मुभा असलेल्यांच्या गटात ताईंनी स्वतःचं नाव घातलं, तेव्हा कुठं आमचं बोलणं सुरू झालं. मग मीच अडून बसलो. पेठेतल्या लाइनचा डायल टोन मला ओळखू येईना. टोनची वाट न बघता नंबर लावायला ताईंनी मला शिकवलं. चार वेळा हुकलं, पाचव्यांदा गगनबावड्याच्या यंत्राला जोडलेल्या दुसऱ्या मोडेमची, माझ्या जोडीदाराची, शीळ आली आणि ताई खुर्चीतून उठून नाचल्या. भंगारात पडल्यापासून मला इतका आनंद झाला नव्हता.

आता एकच गोष्ट ठरायची होती. रोज सकाळी तिकडून जोडीदाराचा फोन आला की मी तो कितव्या रिंगला उचलायचा? तिथं ताईंच्या सासूबाई, आक्का, मध्ये पडल्या. "दोन हाका मेलेला बी मारतोय. तिसरी हाक जित्याची. तवाच ओ द्यावी." विज्ञानाच्या बाई हसल्या, पण घरातली रीत त्यांनी मोडली नाही. त्यांनी तीनचा आकडा घातला. तसंही त्या फोनवर माझ्याखेरीज कुणाचं काम नसे.

पावसाळ्याच्या तोंडावर बहीणभावांची बाचाबाची झाली. "दादा, एकटा राहू नकोस, इकडं ये," म्हणून ताई तणतणल्या. दादांनी मध्येच मोबाईल कट केला. मग पाऊस लागला, टॉवर गेला, दरड कोसळून घाट बंद झाला. तारेवरून तिकडे फोन लावला तर जोडीदारच उचलून किंचाळे. पण रोज सकाळी तिसऱ्या रिंगला मी फोन उचलायचो आणि आकडा यायचा. ताई म्हणायच्या, "आकडा आला. म्हणजे दादा बरा हाय."

आणि मग तिन्हीसांजेला फोन वाजू लागला. दोनदाच. मी तिसरीची वाट बघायचो, ती यायचीच नाही. ताई चुलीशी थबकायच्या. आक्का देवापुढं दिवा लावता लावता म्हणायच्या, "उचलू नगंस." दोन रिंगांनंतर घरात जी शांतता पडे, तिची मला भीती वाटू लागली. मला शीळ ओळखता येते, टोन ओळखता येतो. न आलेली रिंग कशी ओळखायची?

एका संध्याकाळी ताईंचा धीर सुटला. दुसऱ्या रिंगलाच त्यांनी रिसीव्हर उचलला. आक्का ओरडल्या. तारेवर पावसाची खरखर होती, आणि पलीकडे दादांच्या शेजारच्या शालूबाई.

"उचाललंसा व्हय गं बाई एकदाचं! दादा परवा गेलं. तापानं. रस्ता न्हाय, टावर न्हाय, कसं कळवायचं?"

"परवा? अहो, आज सकाळी आकडा आला की!"

"मशीन हाय ते, बाई. ते धाडतंयच."

शालूबाई सांगत राहिल्या. "तिसऱ्या रिंगला तुमचं मशीन वरडतंय, म्हणून दादा दोन वाजल्या की ठिवायचं. मला बी तसंच सांगून गेलं. रोज लावायचं बगा. म्हणायचं, ती उचलत न्हाय, अजून रागावली असंल."

"नाही हो," ताई म्हणाल्या, "मी रागावले नव्हते." शालूबाईंनी फोन ठेवला तरी ताई तेच म्हणत राहिल्या. रिसीव्हर हातात तसाच होता.

मित्रांनो, त्या वेळी मी त्याच तारेला जोडलेला होतो. पण मला आकडे नेता येतात, माणसाचं बोलणं नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीदाराचा फोन आला. त्याला काय ठाऊक? रात्रभर किती पडला ते त्यानं इमानेइतबारे सांगितलं. ताई पडद्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

आम्हा जुन्या यंत्रांना पुसा, जपा, भंगारात टाकू नका, असं मी एरवी तुम्हाला सांगितलं असतं. आज तसं म्हणवत नाही. आम्ही मालक गेला तरी काम करत राहतो, हाच आमचा गुण आणि हाच आमचा दोष. आमच्या दिव्यावरून कुणाची खुशाली ओळखू नका. कुणाशी भांडण झालं असेल तर आजच फोन लावा, आणि ते माणूस उचलेपर्यंत ठेवू नका.