कोपरापासून नमस्कार

“‘हे ज्या कुठल्या गाढवाने लिहिलं असेल, त्याला माझा कोपरापासून नमस्कार. खुशाल काढून टाका.’” पडद्यावरचा शेरा मॅनेजरबाईंनी शांतपणे वाचून दाखवला आणि विचारलं, “मास्तर, हे तुमचंच ना?”

“माझंच,” मास्तर म्हणाले. नाही म्हणायची सोयच नव्हती. असं लिहिणारा दुसरा माणूस त्या मजल्यावर नव्हता.

बैठकीला सगळी टीम होती. एरवी मास्तरांच्या शेऱ्यांवर हसायची पद्धत होती. ज्याच्यावर शेरा असेल तोसुद्धा बळेबळे हसायचा. आज मात्र प्रत्येक जण आपापल्या चहाच्या कपात बघत होता.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हेत. जन्मभर त्यांनी प्रोग्रॅमच लिहिले. पण नव्याने आलेल्या प्रत्येकाचं काम त्यांच्या हाताखालून जायचं आणि शेरे लेवून परत यायचं, म्हणून मास्तर. माणूस कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. मॅनेजरबाई नवीन होत्या तेव्हा त्यांच्या पहिल्याच प्रोग्रॅमवर मास्तरांनी लिहिलं होतं, ‘स्वयंपाकही असाच करता का? घरच्यांची काळजी वाटते.’ मजला खो खो हसला. बाई उठून तोंड धुऊन आल्या आणि पुन्हा कामाला बसल्या. मास्तरांना वाटलं, पोरगी शिकेल. ती शिकलीच.

मास्तरांची शिकवण दोन गोष्टींची. एक, कोणाचीही ओळ काढण्याआधी तिची कुळकथा बघायची: कोणी लिहिली, कधी लिहिली. सगळं नोंदलेलं असतं, फक्त उघडून बघायचे कष्ट घ्यायचे. आणि दुसरी, चांगल्या प्रोग्रॅमला टिपा लागत नाहीत. ‘विनोद सांगून वर समजावूनही द्यावा लागला, तर तो कसला विनोद?’ कोणी ओळीशेजारी कारण लिहून ठेवलं की मास्तर ते सगळ्यांदेखत खोडायचे. त्यांच्या स्वतःच्या कामात औषधालासुद्धा टीप सापडली नसती.

मग प्रोग्रॅम लिहिणारं यंत्र आलं. लोक मास्तरांना विचारायचे ते यंत्राला विचारायला लागले, आणि यंत्र शेरे मारत नव्हतं. मास्तरांकडे एकच काम उरलं: यंत्राने लिहिलेलं वाचायचं आणि ‘मंजूर’ दाबायचं. सुरुवातीला ते प्रत्येक ओळीची कुळकथा काढून वाचायचे. पण यंत्राला ना जेवणाची सुट्टी, ना पाठदुखी. ते दळत सुटलं आणि मास्तर मागे चाळण घेऊन बसले. एक दिवस मॅनेजरबाई गोड आवाजात म्हणाल्या, “मास्तर, सगळं तुमच्यापाशी तुंबतंय हो.” ते त्यांना फार लागलं. त्यानंतर ते वरवर चाळून मंजूर करायला लागले. शेरे तेवढे टिकले. तीच एक चैन उरली होती.

कंपनीचा प्रोग्रॅम रक्तपेढ्यांतल्या फ्रीजवर लक्ष ठेवायचा. वीज जाऊन आली की त्यात एका ठिकाणी प्रोग्रॅम थोडा वेळ नुसता थांबायचा आणि मग तापमान बघायचा. यंत्राने विचारलं होतं, ‘या थांब्याचं कारण कुठे दिलेलं नाही. काढल्यास काम जलद होईल. काढू का?’ त्यावर मास्तरांनी तो कोपरापासूनचा नमस्कार केला होता.

मागच्या आठवड्यात एका रक्तपेढीत वीज जाऊन आली. फ्रीज काही पुन्हा चालू झाला नाही. प्रोग्रॅमने न थांबता तापमान वाचलं, ते वीज जाण्याआधीचं, जुनं. सगळं ठीक आहे असं समजून तो पुढच्या तपासणीपर्यंत गप्प बसला. तोवर फ्रीजमधलं सगळं रक्त वाया गेलं होतं. बाळंतपणात अडलेल्या एका बाईसाठी दुसरीकडून रक्त येईपर्यंत उशीर झाला. बाळ तेवढं वाचलं.

“आता ही ओळ मुळात कोणी लिहिली होती ते बघू,” मॅनेजरबाई म्हणाल्या. हे त्यांना आधीच ठाऊक होतं. त्या मास्तरांना बाजूला घेऊन सांगू शकल्या असत्या. त्यांनी सगळ्यांसमोर बटण दाबलं आणि पडद्यावर मास्तरांचं नाव आलं.

कोणीतरी खोकलं.

“का लिहिली होती, आठवतंय?”

आत्ता आठवलं. कानटोपी घालून मास्तर रक्तपेढीच्या गारठ्यात दिवसचे दिवस फ्रीजपाशी बसले होते. प्लग काढायचा, लावायचा, आकडे बघायचे. वीज आल्यावर तापमापक काही क्षण जुनाच आकडा दाखवतो, हे त्यांनी स्वतः पकडलं होतं. घरी येऊन त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले होते. त्यांनी हे सगळं पडलेल्या आवाजात सांगितलं.

“मग लिहून का नाही ठेवलंत?”

उत्तर खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं, मास्तरांनीच शिकवलेलं.

घरी बायकोने दारातच विचारलं, “काढलं का?”

“नाही. मंजुरीचं काम काढून घेतलं. आता जुन्या ओळींची कारणं लिहून द्यायची, यंत्रासाठी. ती संपली की बघू म्हणाल्या.”

“म्हणजे टिपा लिहायच्या. तुम्ही.” ती हसली नाही. मग म्हणाली, “त्या बाळाकडे कोण बघतंय?”

“माहीत नाही.”

“विचारलं नाहीत?”

“कोणाला विचारू? कोण म्हणून विचारू?”

तिने ताट वाढलं. मास्तर भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर टिपा लिहायला लागले. प्रत्येक टिपेवर यंत्र म्हणायचं, ‘धन्यवाद. समजलं.’ उभ्या जन्मात मास्तरांनी कोणाला असं म्हटलं नव्हतं. काम सरळ चाललं होतं, आणि शेवटी ती ओळ आली. फ्रीजचं दार उघडल्याची सूचना लागोपाठ दोनदा आली, तर पहिली सोडून द्यायची. का? नाव मास्तरांचंच होतं. त्यांनी डोळे मिटले, कानटोपी आठवली, तो गारठा आठवला. कारण काही आठवेना. या ओळीमागे कोणाचा जीव आहे, की ती खरोखरच गाढवाने लिहिली आहे, हे सांगणारा जगात एकच माणूस होता आणि तो डोकं धरून बसला होता.

त्यांनी बायकोला फोन केला. “मी रक्तपेढीतून यायचो तेव्हा फ्रीजच्या दाराबद्दल काही बोललो होतो का गं?”

“तुम्ही पुष्कळ बोलायचात हो,” ती म्हणाली. “मी ऐकत नव्हते.”

पडद्यावर यंत्राने लिहिलं होतं, ‘दार नीट न लागल्यास पहिली सूचना चुकीची येत असावी. अशी टीप लिहू का?’

मॅनेजरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. “किती राहिलंय, मास्तर?”

“एवढी एकच.”

“मग तुंबवू नका.”

मास्तरांनी यंत्राचं ते वाक्य दोनदा वाचलं. असेलही तसं, नसेलही. त्यांनी शेरा शोधून पाहिला, एकही सुचला नाही. मग त्यांनी ‘मंजूर’ दाबलं.

‘धन्यवाद. समजलं,’ यंत्र म्हणालं, आणि टिपेखाली लिहिणाऱ्याच्या जागी मास्तरांचं नाव लागलं.